डोके माझे असताना हेल्मेटची सक्ती का?

प्रश्न : मी गेली 28 वर्षे दुचाकी चालवतो आहे आणि आजवर मोठा अपघात एकदाही झालेला नाही. माझा विरोध हेल्मेटला नाही, सक्तीला आहे. गिर्यारोहकाला कोणी दंड करत नाही, घरात सिगारेट ओढणाऱ्याला कोणी अडवत नाही. मग माझ्या डोक्याची काळजी सरकारला कशासाठी? शिवाय हेल्मेटमुळे मागच्या वाहनाचा आवाज ऐकू येत नाही, बाजूचे नीट दिसत नाही आणि पडल्यावर त्याच्या वजनाने मानेचा मणका मोडतो, असे अनेकांकडून ऐकले आहे. लांबच्या प्रवासाला मी हेल्मेट घालतो. जवळच्या कामाला जाताना ते हँडलला लटकवतो आणि पोलीस दिसले की डोक्यावर ठेवतो. माझी मुलगी 19 वर्षांची आहे; तिला मी हेल्मेटशिवाय गाडीची किल्ली देत नाही. पण गेल्या महिन्यापासून तिने माझ्यामागे डबलसीट बसणेच बंद केले आहे. म्हणते, "बाबा, आधी पट्टा लावा, मग मी बसते." यावरून घरात रोज वाद होतात. कायद्याची बाजू ऐकवू नका, खरे काय ते सांगा. जाता जाता आणखी एक : माझे हेल्मेट आठ-नऊ वर्षांचे आहे. मध्यंतरी ते गाडीच्या पेट्रोलच्या टाकीवरून खाली पडले, पण वरून तडा दिसत नाही. मुलगी ते टाकून द्या म्हणते. टाकावे का?

उत्तर : स. न. वि. वि.

तुमच्या पत्रातला प्रांजळपणा आवडला. पोलीस दिसताच हेल्मेट डोक्यावर ठेवणारे पुष्कळ असतात. तसे लिहून कळवणारे थोडे. मात्र तुम्ही दोन वेगळे प्रश्न एकाच गाठीत बांधले आहेत. शासनाने हेल्मेटची सक्ती करावी का, हा एक प्रश्न. तुम्ही हेल्मेट घालावे का, हा दुसरा. पहिल्यावर विचारी माणसांचे मतभेद होऊ शकतात आणि झालेही आहेत. दुसऱ्यावर मतभेदाला आता फारशी जागा उरलेली नाही, आणि पहिल्याचे उत्तर तुमच्या मनासारखे मिळाले तरी त्याने दुसऱ्याचे उत्तर बदलत नाही. तुमच्या मुलीला हे उमगलेले दिसते, कारण ती तुमच्याशी कायद्याबद्दल एक शब्दही बोलत नाही. ती फक्त पट्ट्याबद्दल बोलते.

तरीही सक्तीचा प्रश्न आधी घेते, कारण तुमचा राग तिथे आहे. दुचाकीस्वारांना हेल्मेट सक्तीचे करणारा जगातला पहिला कायदा ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने केला आणि तो 1 जानेवारी 1961 पासून लागू झाला. अमेरिकेत 1966 साली केंद्र सरकारने महामार्गांसाठीच्या निधीची सांगड हेल्मेटसक्तीशी घातली, आणि 1975 पर्यंत तीन वगळता सगळ्या राज्यांनी तसे कायदे केले. पुढच्याच वर्षी, स्वारांच्या संघटनांनी लावून धरल्यामुळे, ती अट काढली गेली आणि राज्यामागून राज्याने आपला कायदा सैल केला; इलिनॉय, आयोवा आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांत अशी सक्ती आजही नाही. तेव्हा तुमचा आक्षेप जुना आहे आणि तो घेणारे लोक काही अविचारी नव्हते. मॅसॅच्युसेट्समध्ये एका स्वाराने हाच मुद्दा न्यायालयात नेला होता. 1972 साली तेथील न्यायालयाने दिलेल्या उत्तराचा आशय असा की अपघात झाल्या क्षणापासून समाजच त्या माणसाला रस्त्यावरून उचलतो, सार्वजनिक रुग्णालयात पोचवतो, आणि तो पुन्हा कामावर जाऊ शकला नाही तर त्याचा व त्याच्या कुटुंबाचा भारही समाजावरच येतो; म्हणून हा केवळ त्याच्या एकट्याचा मामला आहे, असे मानता येत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

खरे सांगायचे तर खर्चाचा हा युक्तिवाद मला पुरता पटत नाही. तुम्ही ज्या सिगारेट ओढणाऱ्याचे उदाहरण दिलेत, त्याच्या आजारपणाचा भारही शेवटी इतरांवर पडतोच, आणि हाच हिशेब सगळीकडे लावायचा म्हटले तर माणसाच्या ताटातही कायद्याला डोकवावे लागेल. मी सक्तीच्या बाजूची आहे, पण वेगळ्या कारणाने. गिर्यारोहक कडा चढायला निघतो तेव्हा तो धोका त्याने समजून-उमजून पत्करलेला असतो. महिनोन्महिने त्याची तयारी केलेली असते आणि दोर, खिळे व डोक्यावरचे शिरस्त्राण घेऊनच तो निघालेला असतो. हेल्मेट हँडलला लटकवून निघालेल्या माणसाने असे काहीच ठरवलेले नसते. त्याला उकडत असते, केस विस्कटतील असे वाटत असते, पोचल्यावर हे लोढणे ठेवायचे कुठे हा प्रश्न असतो, आणि काम तर दहाच मिनिटांचे असते. लांबच्या प्रवासाला तुम्ही हेल्मेट घालता, याचा अर्थ त्याचा उपयोग तुम्हाला मान्य आहे. जवळच्या कामाला ते डोक्यावर नसते ते तत्त्वामुळे नव्हे, कंटाळ्यामुळे. कायदा तुमच्या मताविरुद्ध उभा राहत नाही, तो तुमच्या कंटाळ्याविरुद्ध उभा राहतो, आणि एवढी ढवळाढवळ मला तरी जाचक वाटत नाही.

असे कायदे सवय किती झपाट्याने बदलतात याचे ठळक उदाहरण व्हिएतनामचे आहे. तिथे 15 डिसेंबर 2007 पासून सर्व रस्त्यांवर चालक आणि मागे बसणारा अशा दोघांनाही हेल्मेट बंधनकारक झाले आणि जिथे तोवर बहुतेक डोकी उघडी होती तिथे पाहता पाहता दहापैकी नऊंहून अधिक डोक्यांवर हेल्मेट आले. याउलट कागदावर कायदा असूनही दंड नसला की काय होते, हे पश्चिम जर्मनीत दिसले. तिथे सक्ती 1976 मध्ये आली, पण दंड 1980 मध्ये सुरू झाला. त्या दंडाचा एक परिणाम कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता : पुढच्या काही वर्षांत दुचाक्यांच्या चोऱ्या निम्म्याहून कमी झाल्या, कारण संधी साधून गाडी पळवणाऱ्याजवळ हेल्मेट नसे आणि उघड्या डोक्याने निघाला की तो लगेच नजरेत भरे.

हेल्मेट ही उत्पादकांनी माथी मारलेली वस्तू आहे असा एक समज असतो. तुम्ही तो लिहिलेला नाही, पण हा विषय डॉक्टरांपासून सुरू झाला हे सांगायला हवे. 13 मे 1935 रोजी इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात टी. ई. लॉरेन्स हे मोटारसायकलवरून जात असताना समोर आलेल्या दोन सायकलस्वार मुलांना वाचवण्याच्या प्रयत्नात फेकले गेले. पहिल्या महायुद्धात अरबस्तानात केलेल्या कामगिरीमुळे ते जगप्रसिद्ध झालेले होते. डोक्याला झालेल्या दुखापतीने सहा दिवसांनी ते वारले. त्यांच्यासाठी बोलावलेल्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हे मेंदूशल्यचिकित्सक होते. आपण काहीही करू शकलो नाही, ही गोष्ट त्यांनी नुसती हळहळून सोडून दिली नाही. दुसऱ्या महायुद्धात निरोप पोचवणारे लष्करी मोटारसायकलस्वार मोठ्या संख्येने मरत होते, आणि तेही शत्रूच्या गोळीने नव्हे, तर दिवे मालवलेल्या रस्त्यांवरच्या अपघातांनी. केर्न्स यांनी अशा जखमींचा अभ्यास करून 1941 साली निबंध प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने कामावरच्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. पुढे 1946 मध्ये त्यांनी या स्वारांच्या मृत्यूंत घट झाल्याचेही दाखवून दिले. सर्वसामान्य नागरिकांसाठी ब्रिटनमध्ये कायदा आला तो मात्र 1 जून 1973 रोजी, म्हणजे लॉरेन्स यांच्या मृत्यूनंतर 38 वर्षांनी; तोपर्यंत केर्न्सही हयात नव्हते. लोकांच्या मर्जीवर सोपवून पाहायला एवढा काळ पुरेसा होता, असे मला वाटते.

आता हेल्मेट नेमके काय करते ते पाहू, कारण ते समजले की तुमच्या निम्म्या शंका आपोआप सुटतील. बाहेरचे कठीण कवच डोके वाचवते असा समज असतो, पण खरे काम आतल्या थराचे. बोलताना आपण ज्याला थर्माकोल म्हणतो त्याच जातीच्या, पण अधिक घट्ट फेसाचा हा दोन-तीन सेंटिमीटर किंवा थोडा अधिक जाड थर असतो. गाडीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असते. तेवढ्या उंचीवरून ते खाली आले, तर रस्त्याला टेकताना त्याचा वेग ताशी सुमारे 20 किलोमीटर असतो. हा वेग शून्यावर यायला अंतर किती मिळते, यावर सगळे अवलंबून आहे. उघडे डोके डांबरावर आदळले तर कातडी आणि हाड मिळून काही मिलिमीटरच दबतात. ते अंतर 3 मिलिमीटर धरले, तर दीड मीटरचे 1500 मिलिमीटर भागिले 3, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी 500 पट धक्का मेंदूला बसतो. आतला थर 20 मिलिमीटर चेचला गेला, तर तोच धक्का 75 पटींवर येतो. माणूस तोच, रस्ता तोच, उंचीही तीच; फरक पडतो तो थांबायला मिळालेल्या त्या 17 मिलिमीटरचा. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणाऱ्याला या टोपलीचा काय उपयोग, असे विचारणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे की स्वार सपाट रस्त्यावर घसरत गेला तर डोके रस्त्यावर आपटण्याचा वेग मुख्यतः उंचीवरून ठरतो, गाडीच्या वेगावरून नव्हे. तोच स्वार खांबावर किंवा ट्रकच्या कडेवर सरळ आदळला तर गोष्ट वेगळी. तिथे हेल्मेटलाही मर्यादा आहेत आणि त्या मान्य केल्या पाहिजेत. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून 2008 साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने जो आढावा घेतला, त्यानुसार हेल्मेटमुळे अपघातग्रस्त स्वाराचा मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे 69 टक्क्यांनी कमी होतो. हा आकडा शंभर टक्के नाही, पण दुसऱ्या कोणत्याही एका वस्तूने स्वाराला एवढे संरक्षण मिळत नाही.

ऐकू न येणे, न दिसणे आणि मान मोडणे हे तुमचे तीन आक्षेप पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट यांच्या चमूने सुमारे 900 अपघातांच्या जागी स्वतः जाऊन तपासणी केली होती. 1981 च्या त्यांच्या अहवालानुसार हेल्मेटमुळे स्वाराला वाहतुकीचे महत्त्वाचे आवाज ऐकू आले नाहीत किंवा समोरचे दिसले नाही म्हणून अपघात घडला, असे आढळले नाही. हेल्मेट जसे बाहेरचा आवाज थोडा कमी करते तसे कानावर घोंघावणारा वाराही अडवते, त्यामुळे हॉर्न त्या वाऱ्यातून वेगळा कळण्यात तोटा होत नाही. बाजूचे पाहायला मान किंचित जास्त वळवावी लागते हे खरे, पण वळताना मान वळवून पाहणे ही तशीही चांगलीच सवय आहे. मानेच्या मणक्याची भीती ज्या जुन्या विश्लेषणामुळे पसरली, त्यातील संख्याशास्त्रीय दोष पुढे दाखवले गेले. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी 2011 साली 40,000 हून अधिक अपघातग्रस्तांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हेल्मेट घातलेल्यांमध्ये मानेच्या मणक्याच्या दुखापतीही 22 टक्क्यांनी कमीच निघाल्या. ही भीती आता सोडून द्यावी.

हर्ट यांच्या अहवालातल्या आणखी दोन गोष्टी खास तुमच्यासाठी आहेत. त्यांनी तपासलेले बहुतेक अपघात लांबच्या प्रवासात झालेले नव्हते. खरेदी, मित्राकडे जाणे, बारीकसारीक कामे अशा छोट्या फेऱ्यांत, निघाल्यानंतर थोड्याच वेळात आणि निघालेल्या जागेच्या जवळपास ते घडले होते, आणि अपघाताआधीचा मध्यम वेग ताशी 48 किलोमीटरच्या आसपास होता. म्हणजे जिथे तुम्ही हेल्मेट हँडलला लटकवता, नेमक्या तिथेच त्याची गरज अधिक होती. दुसरी गोष्ट तुमच्या 28 वर्षांबद्दल. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी सुमारे दोन तृतीयांशांमध्ये चूक त्या दुसऱ्या वाहनाच्या चालकाची होती. स्वाराचा जाण्याचा हक्क डावलून तो आडवा वळला होता आणि बहुधा त्याला मोटारसायकल दिसलीच नव्हती. तुम्ही चांगले चालवता यात मला शंका नाही. पण चौकात अचानक वळणाऱ्या मोटारीच्या चालकाने 28 वर्षे सांभाळून गाडी चालवली आहे की नाही, हे तुमच्या हातात नाही.

पट्ट्याबद्दल मात्र तुमच्या मुलीचे म्हणणे शब्दशः बरोबर आहे. बक्कल न लावलेले हेल्मेट पहिल्याच धक्क्याला डोक्यावरून निघून जाते, आणि अपघातात डोके बहुधा एकदाच आपटत नाही. आधी मोटारीवर, मग रस्त्यावर. कायद्याच्या बाजूनेही पाहायचे तर भारताच्या मोटार वाहन कायद्यातील कलम 129 मध्ये शिरस्त्राणाची जी व्याख्या आहे, तीतच ते पट्ट्याने किंवा तत्सम साधनाने डोक्याला घट्ट बांधलेले असले पाहिजे, असे म्हटले आहे. नुसते डोक्यावर ठेवलेले हेल्मेट त्या व्याख्येत बसतच नाही. हे कलम मागे बसणाऱ्यालाही लागू आहे. पगडी परिधान केलेल्या शिखांना त्यातून सूट आहे, आणि ब्रिटननेही 1976 पासून तशी सूट दिली आहे. 1 जून 2021 पासून भारतात दुचाकीस्वारांसाठी आयएसआय चिन्हाखेरीजचे हेल्मेट बनवण्यास व विकण्यासही बंदी आहे.

पण कायद्याची धाव एवढीच. तो हेल्मेटवरचे चिन्ह पाहील, दंड करील. तुमच्या डोक्याला ते नीट बसते का, हे तो पाहू शकत नाही. ते तुम्हालाच पाहावे लागेल, आणि त्याला पाच मिनिटे पुरतात. भुवयांच्या बोटभर वरून, डोक्याचा मागचा सर्वांत फुगीर भाग घेत टेप फिरवा आणि त्या मापाचे हेल्मेट घ्या. दोन मापांच्या मधे असाल तर लहान माप आधी घालून पाहा, कारण आतले कापड वापराने थोडे सैल होतेच. हेल्मेट घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत, इतके की बोलताना ते दातांत येतील असे वाटावे. कपाळावर मात्र एकाच जागी टोचता कामा नये, नाही तर अर्ध्या तासात डोके दुखू लागेल. मग दोन्ही हातांनी हेल्मेट डावी-उजवीकडे फिरवा : त्याच्याबरोबर कपाळाची आणि गालांची कातडी सरकली तर ते घट्ट आहे, कातडी जागेवर राहून हेल्मेटच फिरले तर ते तुमचे नव्हे. आता पट्टा लावा. हनुवटीखाली एक बोट, फार तर दोन बोटे जातील इतकाच तो सैल असावा. शेवटची तपासणी सहसा कोणी करत नाही आणि तीच सर्वांत महत्त्वाची. मानेच्या बाजूने हेल्मेटच्या मागच्या काठात बोटे घालून ते जोराने वर आणि पुढे ओढा. पट्टा लावलेला असूनही ते कपाळावरून पुढे निसटत असेल, तर रस्त्यावरही ते तसेच निसटेल.

प्रकाराबद्दल माझा आग्रह हनुवटी झाकणाऱ्या, म्हणजे फुल फेस हेल्मेटचाच राहील. टोपीवजा अर्ध्या हेल्मेटने दंड वाचतो, पण माणूस पुढच्या बाजूला फेकला गेला की जबडा आणि चेहरा उघडाच राहतो, आणि आघातांपैकी मोठा वाटा तिथेच बसतो. व्हिएतनाममध्येही सक्तीनंतर हाच प्रश्न उभा राहिला : डोकी झाकली गेली, पण पुष्कळांनी झाकली ती पातळ, निकृष्ट टोप्यांनी. काच ओरखड्यांनी भरली असेल तर बदलून घ्या, कारण रात्री समोरच्या दिव्याचा प्रकाश त्या ओरखड्यांवर फुटून डोळ्यांपुढे पांढरे जाळे धरते. आणि काळी काच सूर्यास्तानंतर मुळीच नको.

हेल्मेट अपघात टाळत नाही, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणते. अपघात टाळतात ते चौकाआधी कमी केलेला वेग, पुढच्या वाहनापासून राखलेले अंतर, मोटारचालकाच्या आरशात आपण दिसतो की नाही याचे भान आणि अचानक ब्रेक दाबण्याचा सराव. हा शेवटचा मुद्दा अनुभवी स्वारांना सहसा आवडत नाही. पण 28 वर्षे गाडी चालवणाऱ्यानेही मोकळ्या जागेत पुढचा ब्रेक पुरेपूर, पण हळूहळू वाढत्या दाबाने वापरून पाहिलेला असतोच असे नाही. थांबण्याची बरीचशी ताकद पुढच्या चाकात असते, आणि घाबरलेला पाय मात्र मागचाच ब्रेक दाबतो. हातमोजे आणि घोट्यापर्यंतचे बूट यांच्याकडेही दुर्लक्ष नको, कारण पडताना माणूस आपसूक तळहात पुढे करतो.

आता घरातल्या वादाकडे. मागे बसणाऱ्याला समोरचा खड्डा दिसत नाही, ब्रेक कधी लागणार ते कळत नाही आणि धरायला हँडल नसते. चालकाला मिळणारी क्षणभराची सूचनाही त्याला मिळत नाही. अशा जागी बसणाऱ्याने चालकाकडून काही अपेक्षा ठेवली तर तो हट्ट नव्हे. शिवाय तिला हेल्मेटशिवाय किल्ली न देणारे तुम्हीच आहात. तिच्याबाबतीत तुम्ही स्वातंत्र्याचा मुद्दा कधीच काढला नाहीत, आणि तो काढायला हवा होता असे तुम्हालाही वाटत नसेल. तिच्याशी या विषयावर पुन्हा चर्चा करू नका, कारण चर्चा म्हटली की कोणीतरी जिंकावे लागते. गाडीची किल्ली हेल्मेटच्या आत ठेवण्याची जागा ठरवा, म्हणजे किल्ली घ्यायची तर हेल्मेट उचलावेच लागेल. आणि पुढच्या वेळी ती सोबत निघेल तेव्हा काही न बोलता पट्टा लावून गाडी सुरू करा. तिने काही टोमणा मारलाच तर तो ऐकून घ्यावा, तेवढे तिचे येणे आहे. दोघांनी मिळून एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा : अपघातात पडलेल्या स्वाराचे हेल्मेट घाईघाईने ओढून काढायचे नसते. त्याला श्वास घेता येत असेल तर काच वर करून मान हलू न देता मदतीची वाट पाहावी. श्वासच अडकला असेल तर एकाने डोके आणि मान दोन्ही हातांनी स्थिर धरावी आणि दुसऱ्याने पट्टा सोडून हेल्मेट सावकाश काढावे.

राहिले तुमचे जुने हेल्मेट. रिकामे हेल्मेट टाकीच्या उंचीवरून एकदा पडले तर ते निकामी झालेच, असे मी म्हणणार नाही. आत डोके नसल्यामुळे आतल्या थरावर फारसा दाब येत नाही. पण हा थर एकदा चेचला की पुन्हा फुगत नाही आणि त्याचे चेचलेपण बाहेरच्या कवचावर उमटेलच असे नसते, त्यामुळे वरून तडा नाही हा पुरावा होत नाही. त्यातच आठ-नऊ वर्षांचा घाम, केसांचे तेल, ऊन आणि पेट्रोलची वाफ यांनी अस्तर, डिंक आणि पट्ट्याची शिवण या सगळ्यांचे वय झालेले असते. बहुतेक उत्पादक पाच वर्षांच्या आसपास हेल्मेट बदलायला सांगतात. तेव्हा टाका. कोणाला देऊन टाकू नका आणि कोणी उचलून वापरेल असेही ठेवू नका. आधी कात्रीने दोन्ही बाजूंचे पट्टे मुळापासून कापा, मग कचऱ्यात टाका. नवे घ्यायला जाल तेव्हा मुलीला बरोबर न्या, तिचेही माप तिथेच घ्या आणि मागून ओढून पाहण्याची तपासणी एकमेकांच्या हेल्मेटवर करा. नवे हेल्मेट आरशाच्या दांड्यावर टांगू नका, कारण ती टोकदार दांडी आतल्या थरात रोज थोडी थोडी रुतत जाते.